मुळाच्या दारात कोण उभं आहे?

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांत ‘बुरशी’ हा शब्द शत्रू याच अर्थानं आला होता. तीसेक वर्षं मी मुळांचे तुकडे काचपट्टीवर ठेवून बघत आले आहे, त्यामुळे वाचून जीव हळहळला. झाडाला जगवणारी बुरशी, म्हणजे मायकोरायझा, आणि झाडाला मारणारी बुरशी, दोघी एकाच मुळात मी कितीदा पाहिल्या आहेत. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा देते, कारण पुढची उत्तरं त्याच्याच पोटातून निघतात.

हरभऱ्याला मर रोगाची बुरशी मुळातूनच लागते आणि मायकोरायझाही मुळातच शिरतो. मग आपला कोण आणि परका कोण, हे झाडाला कळतं कसं?
*— वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी*

तुझ्या प्रश्नावर कितीतरी जणांची हयात खर्ची पडली आहे, तेव्हा सावकाश बघू.

सुरुवात भुकेपासून होते. मातीतलं स्फुरद कमी पडलं की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं बाहेर सोडतं, तीही अतिशय सूक्ष्म प्रमाणात. जवळपास मायकोरायझाचा बीजाणू रुजला असेल, तर ही द्रव्यं लागताच त्याचा तंतू सैरभैर फांद्या फोडू लागतो आणि त्यातली एखादी फांदी मुळापर्यंत पोचते. जपानमधल्या कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००५ साली दाखवलं. ज्या झाडाच्या मुळांतून त्यांनी ते द्रव्य वेगळं केलं, ते लोटस जापोनिकस हे शेंगवर्गीयच. ही हाक मित्रालाच ऐकू जाते असं मात्र नाही. पिकाच्या मुळातून अन्न चोरणाऱ्या टारफुल्याचं बी याच द्रव्यांच्या चाहुलीनं रुजतं; त्या तणाच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरूनच द्रव्यांना हे नाव पडलं. भुकेल्या झाडानं हाक मारली की ऐकणारे सगळेच भले नसतात.

आता पलीकडून येणारं उत्तर बघ. बुरशी मित्र असो वा शत्रू, तिच्या पेशीची भिंत कायटिन नावाच्या, साखळीसारख्या द्रव्याची. झाड या कायटिनचे तुकडे जणू वाचतं. आठेक घटकांची लांब साखळी लागली की संरक्षणाची धावपळ सुरू होते. चार-पाच घटकांचा आखूड तुकडा आला, तर मैत्रीच्या दिशेनं हालचाल होते. मायकोरायझा या आखूड तुकड्याला मेदाम्लाचं शेपूट जोडूनही निरोप धाडतो. फ्रेंच शास्त्रज्ञांच्या एका गटानं २०११ साली हा निरोप ओळखला, आणि तो ओळखीचाच निघाला. मुळावर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू ज्या रेणूनं दार ठोठावतो, त्याचीही घडण अशीच: कायटिनचा आखूड कणा आणि मेदाम्लाचं शेपूट.

हा योगायोग नाही. १९८९ साली फ्रान्समध्ये वाटाण्याची काही उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेली) रोपं तपासली गेली. त्यांच्या मुळांवर गाठी येत नव्हत्या हे आधीच माहीत होतं. तपासल्यावर दिसलं, की त्यांतल्या काहींच्या मुळात मायकोरायझाही शिरत नाही. एक खिळा निखळला आणि दोन्ही दारं बंद झाली. मायकोरायझाची सोबत चाळीस कोटी वर्षांहून जुनी. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या दगडांत, अजून खरी मुळं न फुटलेल्या वनस्पतींच्या देहातही ही बुरशी अश्मरूपात सापडते. गाठी त्या मानानं फार अलीकडच्या. बुरशीसाठी पडलेल्या जुन्या पायवाटेवरूनच पुढे जिवाणू आत आला. वर्गात हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

निरोप पटला की मुळाच्या पेशीतल्या केंद्रकात कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वरखाली होऊ लागते. त्यानंतर जे घडतं ते तू एकदा तरी चित्रफितीत बघच. तंतू अजून पेशीच्या बाहेरच असतो. त्यानं स्पर्श केल्यावर चार-सहा तासांत पेशीचं केंद्रक त्या जागेखाली सरकतं आणि मग पेशीच्या आरपार चालू लागतं. त्याच्या मागोमाग पेशीद्रव्याचा एक बोगदा तयार होतो. तो पुरता झाला की मगच तंतू आत पाऊल टाकतो, आणि आखून दिलेल्या वाटेनंच जातो. इटली आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २००५ साली मेडिकागो या शेंगवर्गीय रोपात हे जिवंतपणी टिपलं. पाहुण्यासाठी वाट घरधन्यानं केलेली असते. रोगाची बुरशी अशी थांबत नाही. ती विकरं सोडून भिंत विरघळवते किंवा जखमेतून घुसते.

आत गेल्यावरचा फरक तर साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. मायकोरायझा मुळाच्या सालीतल्या पेशींत पोचतो आणि तिथे बारीक बारीक फांद्यांचं इवलं झुडूप होतो. त्याला आर्बस्क्युल म्हणतात. झुडपाभोवती झाडाचं स्वतःचं पातळ आवरण असतं. या आवरणातून स्फुरद आत येतं, साखर आणि मेद बाहेर जातात. झुडूप काही दिवसच टिकतं, मग पेशी ते जिरवून टाकते आणि पुन्हा नव्या झुडपाला जागा देते. मुळाच्या मधोमध असलेल्या जलवाहिन्यांत मित्रबुरशी कधीच जात नाही, त्यांच्या बाहेरच्या कड्याशीच थांबते. मर रोगाचं फ्युजारियम नेमकं हे कडं ओलांडतं. जलवाहिन्यांत शिरून ते तिथेच वाढतं, आणि झाड त्याला अडवायला डिंकासारखी द्रव्यं सोडून त्याच वाहिन्या बंद करत जातं. मुळाखाली ओल असून पानं सुकतात ती यामुळे.

झाडाचा हा निवाडा दर वेळी बिनचूक असतो असं मात्र समजू नकोस. मायकोरायझालाही सुरुवातीला थोडा विरोध होतोच. तो पुढे निवळतो. मायकोरायझाही स्वतःचं एक प्रथिन झाडाच्या केंद्रकापर्यंत पाठवून हा विरोध मवाळ करतो, हे आता माहीत आहे. रोगकारक बुरश्याही अशीच प्रथिनं वापरून झाडाची सावधगिरी बोथट करतात. हत्यारं दोघांची सारखीच, पुढची वागणूक वेगळी.

मुळावर रायझोबियमच्या गाठी असताना आणखी मायकोरायझा कशाला? दोघं मिळून झाडाचं अन्न फस्त करणार नाहीत का?
*— एक निवृत्त शिक्षक*

सर, हिशोब तुम्ही बरोबर मांडलात. फक्त जमेची बाजू राहिली. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला गाठीला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे किमान १६ नग खर्चावे लागतात, आणि एटीपीच्या घडणीत स्फुरद आहे. म्हणून गाठीला स्फुरदाची भूक मोठी. मुळाला स्वतःच्या जोरावर ते मिळवणं जड जातं, कारण स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही. मुळालगतची एक-दोन मिलिमीटर माती रिकामी झाली की संपलं. मायकोरायझाचे तंतू ही रिकामी पट्टी ओलांडून कित्येक सेंटिमीटर पलीकडून स्फुरद आणतात. बदल्यात झाड आपल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा त्यांना देतं. नत्र गाठीकडून आणि गाठीचं स्फुरद बुरशीकडून, असा तिघांचा संसार आहे.

तुमची शंका खरी ठरते ती दाट सावलीत किंवा रोप अगदी कोवळं असताना. तेव्हा पानांची मिळकत कमी असते आणि दोन पाहुणे जड होतात. पहिले काही दिवस वाढ मागे पडल्यासारखी दिसू शकते. एरवी पानं जास्त काम करून ही भरपाई करतात.

सगळी शेंगवर्गीयं या बाबतीत सारखी नाहीत. ल्युपिन मायकोरायझाला जवळपास दारातच उभं करत नाही. पांढऱ्या ल्युपिनसारख्या जाती त्याऐवजी मुळांचे दाट झुबके करून आम्लं सोडतात. तुरीला मायकोरायझा चालतो, शिवाय तिची मुळं पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी जखडलेलं स्फुरद मोकळं करतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेतलं हे काम १९९० साली प्रसिद्ध झालं.

पेरणीच्या वेळी सोयाबीनला मायकोरायझाची पावडर दिली. स्फुरदाचं खतही हात राखून दिलं नाही. पावडर न दिलेल्या ओळींत आणि यांत काडीचाही फरक नाही. पावडर बनावट होती का?
*— एक शेतकरी*

दादा, पावडर पाहिल्याशिवाय तिला बनावट कशी म्हणू? पण तुमच्या पत्रातच एक कारण आहे. भुकेलं मूळ हाक मारतं, हे वर लिहिलं. तुम्ही त्याला पोटभर स्फुरद दिलंत. पोट भरलेलं मूळ स्ट्रायगोलॅक्टोन सोडणं कमी करतं आणि आलेल्या बुरशीलाही फारसं आत घेत नाही.

हे मी स्वतःच्या कुंड्यांत शिकले. नोकरीच्या सुरुवातीला मुगाचा एक प्रयोग लावला होता. सगळ्या कुंड्यांत एकच मायकोरायझा, आणि अर्ध्या कुंड्यांना मी स्फुरद सढळ हातानं दिलं, रोपं जोमदार दिसावीत म्हणून. दिसलीही. सहा आठवड्यांनी मुळं रंगवली, तर जोमदार रोपांची मुळं कोरी. माझंच रंगवायचं चुकलं असेल म्हणून तीनदा केलं. तिन्ही वेळा कोरीच. शेजारच्या, दिसायला किरकोळ रोपांच्या मुळात मात्र निळ्या झुडपांची गर्दी, जागोजागी तेलानं भरलेल्या फुगीर पिशव्या, आणि मुळाबाहेर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. रोपाचा जोम बघून मुळात काय चाललंय ते कळत नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. म्हणून आधी माती तपासून घ्या. स्फुरद मुबलक असेल, तर पावडरीवर खर्च करू नका.

आणखी काही शक्यता आहेत. तुमच्या मातीत मूळचीच मायकोरायझा चांगली असेल, तर बाहेरून आणलेलीनं भर पडत नाही. पावडर बियाण्याजवळ, रुजलेलं मूळ जिथून जाईल तिथे पडायला हवी. वर भुरभुरलेली वाया जाते. बियाण्याला बुरशीनाशक कोणतं लावलं होतं तेही आठवा. मायकोरायझा नको असेल तेव्हा प्रयोगात मुद्दाम बेनोमिल हे बुरशीनाशक वापरतात, आणि बेनोमिलपासून मातीत तयार होतं ते कार्बेन्डाझिम, म्हणजे बियाण्याला लावतात त्यांतलंच एक बुरशीनाशक. पावडर साखरेच्या पाण्यात भिजवून ‘वाढवून’ वापरा, असा सल्ला कुणी दिला असेल तर मनावर घेऊ नका. रोगबुरशीला खाणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी तशी वाढते. मायकोरायझाला जिवंत मूळच लागतं, बादलीत ती वाढत नाही.

आणि मुळात काय आहे ते अंदाजावर का सोडायचं? जवळच्या कॉलेजची प्रयोगशाळा मिळाली, तर दुपारभराचं काम आहे. फुलोऱ्याच्या सुमारास रोप खणून काढा, उपटू नका. उपटलं की बारीक मुळं मातीतच राहतात आणि हवी असतात ती तीच. ती धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, पारदर्शक होईपर्यंत काही मिनिटं गरम करायचे. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, म्हणून हातमोजे, चष्मा आणि शिकवणारं माणूस, तिन्ही हवंच. तुकडे पाण्यानं नीट धुवा. मग व्हिनेगरच्या ९५ भागांत फाउंटन पेनच्या शाईचे ५ भाग घालून त्यात तीनेक मिनिटं उकळा आणि दोन थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवा. मुळाचा रंग निघून जातो, बुरशीचा राहतो. ही सोपी पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली. आधी आम्ही ट्रिपॅन ब्लू वापरायचो, तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. पावडर दिलेल्या आणि न दिलेल्या ओळींची मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा, तुमचं उत्तर तिथेच मिळेल.

हरभऱ्याची उभी रोपं माना टाकतात. मायकोरायझा दिल्यावर मर बरा होतो का? की ट्रायकोडर्मा चांगली?
*— घरची शेती बघणाऱ्या एक वाचक*

ताई, आधी तो मर आहे का, हे बघू. ‘मर’ म्हणून माझ्याकडे आलेल्या रोपांत मूळकूजच निम्मी असायची. सुकत चाललेलं, पण अजून मेलेलं नाही असं रोप मुळासकट खणा. मूळ वरून धडधाकट दिसतंय? मग धारदार पात्यानं ते मानेपासून उभं चिरा. मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसली, तर तो फ्युजारियमचा मर. मूळ काटकीसारखं कडक मोडलं, साल सुटून आली, बारीक मुळं मातीतच राहिली आणि आत मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसले, तर ती कोरडी मूळकूज. उष्णता आणि पाण्याचा ताण एकत्र आले की ती उसळते. रोप कोवळं असेल, मानेशी पांढरी धाग्यांची जाळी आणि तिच्यावर मोहरीएवढे दाणे असतील, तर ती स्क्लेरोशियम या बुरशीची मानकूज. न कुजलेला काडीकचरा आणि ओल तिला फार मानवते. हे तिन्ही वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

माना टाकलेलं रोप मायकोरायझानं उठत नाही, ट्रायकोडर्मानंही नाही. वाहिन्या एकदा बंद झाल्या की झाल्या. मायकोरायझाचा उपयोग आधी होतो. मुळात ती आधीपासून वसलेली असेल, तर जागा आणि अन्न तिनं घेतलेलं असतं, झाडाला स्फुरद मिळत असतं आणि झाडाची संरक्षणयंत्रणा जागी राहते, त्यामुळे पुढच्या हल्ल्याला झाड लवकर उत्तर देतं. नुकसान पुष्कळदा कमी होतं, पण अभेद्य कवच मिळतं असं नाही. रोग आधी पोचला, तर हा लाभ जवळजवळ जातो. रोगप्रतिकारक वाणाची जागा दोघीही घेऊ शकत नाहीत. मर रोगाच्या बुरशीचे आठ उपप्रकार (रेस) नोंदले गेले आहेत, तेव्हा आपल्याकडच्या उपप्रकाराला दाद न देणारं वाण निवडणं हेच पहिलं काम.

ट्रायकोडर्माचं काम वेगळं. ती झाडाशी मायकोरायझासारखी देवाणघेवाण करत नाही. रोगबुरशीच्या तंतूला विळखा घालून तिला खाते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञांनी १९३२ साली ऱ्हायझोक्टोनिया या रोगबुरशीवर हे पाहिलं. बीजप्रक्रियेत क्रम पाळा: रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी, मग ट्रायकोडर्मा, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत. रसायन कोणतं चालेल ते दोन्ही जैविक पाकिटांवर वाचून घ्या.

एक खुलासा. अफॅनोमायसिस, पिथियम, फायटोफ्थोरा यांना आपण सवयीनं बुरशी म्हणतो, पण ते वेगळ्या कुळातले जीव. त्यांच्या भिंतीत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोजसारखी द्रव्यं असतात. म्हणून फ्युजारियमवर चालणारं प्रत्येक औषध त्यांच्यावर चालेलच असं नाही. साचलेलं पाणी हा त्यांचा सोबती; पाण्याचा निचरा करा.

मर आलेली जमीन दोन वर्षं पडीक ठेवली तर रोग जाईल का?
*— एक तरुण शेतकरी*

दोन वर्षांत नाही जाणार. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जाड भिंतीचे बीजाणू करून, हरभरा नसतानाही, सहा वर्षांहून जास्त काळ मातीत तग धरू शकते. काही पिकांच्या मुळांत लक्षणं न दाखवता मुक्कामही ठोकते. तरी हरभऱ्यात खंड द्यावाच, बुरशीचा साठा उतरतो. पण खंड कशानं द्यायचा, इथे खरी गोम आहे.

पडीक जमिनीत शत्रू उपाशी राहतो तसा मित्रही. मायकोरायझाला जिवंत मूळ लागतं. तण काढून जमीन दीर्घकाळ उघडी ठेवली, की पुढचं पीक कधी कधी स्फुरदावाचून खुरटतं. ऑस्ट्रेलियात हा अनुभव इतका नेहमीचा, की या खुरटण्याला तिथे स्वतंत्र नाव आहे. मोहरी-कोबीच्या कुळातली पिकं घेतली, तर त्यांच्या अवशेषांतून निघणारी तिखट द्रव्यं काही रोगबुरश्यांना दाबतात. पण हे कूळ मायकोरायझाला आसरा देत नाही, त्यामुळे मित्राचे ते दिवस उपासाचेच.

मी तृणधान्य सुचवेन, त्यातही ज्वारी किंवा मका. दोन्हींच्या मुळांत मायकोरायझा झकास वाढते. तुरीच्या मर रोगावर ज्वारीचं आंतरपीक किंवा एका वर्षाचा ज्वारीचा खंड उपयोगी पडतो, हे प्रत्यक्ष प्रयोगांत दिसलं आहे. हरभऱ्याच्या मराची बुरशी तुरीच्या बुरशीहून वेगळी आहे, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होणार नाहीत. पण बेवडाचा, म्हणजे पिकांच्या फेरपालटाचा, विचार करताना एवढं बघा, की मधल्या वर्षात मुळं कुणाला जेवू घालणार आहेत.

खंडानंतर हरभरा घ्याल तेव्हा प्रतिकारक वाणच घ्या, आणि नांगरट जितकी उथळ ठेवता येईल तितकी ठेवा. ज्वारीच्या मुळांवर विणलेलं तंतूंचं जाळं शाबूत राहिलं, तर हरभऱ्याच्या कोवळ्या मुळाला ते पहिल्याच आठवड्यांत भेटतं. रोगट झाडांची मुळं मात्र मातीत सोडू नका. जी झाडं सुकली ती मुळांसकट खणून शेताबाहेर न्या आणि अवजारांना लागलेली माती तिथेच धुऊन मग दुसऱ्या शेतात शिरा.